काळ्या मनुकांचा किद्दुश

दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधल्या माणसाचं नाव बाहेर सांगायचं नाही, हा आमचा नियम आहे आणि मी तो काटेकोर पाळतो. पण अहरोन स्वतःच महिनाभर माझ्या मागे लागला होता. "मालोजी, लिही. नावासकट लिही." मी चाकणच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस, मला लिहिण्याची हौस नाही. पण त्या शुक्रवारची आठवण आली की अजून माझे हात शिवशिवतात, म्हणून लिहितोय.

अहरोन झिराडकर चाकणच्याच एका कंपनीत सीएनसी मशिनवर सेटर आहे, राहायला कासारवाडीत. कंपनीत सगळे त्याला अरुण म्हणतात आणि त्यानेही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. पंधरा वर्षं हा माणूस रोज प्यायला. मुलगी याएल सहावीत असताना तिच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवर चढून याने भाषण ठोकलं होतं. दोन शिक्षकांनी धरून खाली उतरवला.

आमची मीटिंग चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरते. पहिल्या दिवशी हा फाटकाशीच थांबला. मीही पूर्वीचा बेवडा, मला असले बहाणे पाठ आहेत. बाहेर जाऊन विचारलं, तर म्हणतो, "मी ज्यू आहे. बेने इस्रायल. चर्चमध्ये प्रार्थनेला आम्ही जात नाही."

"ते काय असतं?"

"आमच्या अलिबागकडं आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद."

माझं डोकं फिरलं. "गुत्त्यावर बसताना मालकाचा धर्म इचारला व्हतास का? हाल हाय हा, देऊळ न्हाई. चल आत!"

तो हसला आणि आत आला.

पुढे दारू सोडायच्या बारा पायऱ्यांवरून आमची रोज भांडणं. तिसरी पायरी अशी की आपला भार देवावर टाकायचा. माझ्या गुरूने मला शिकवलेलं, सकाळी उठलं की गुडघे टेकायचे आणि म्हणायचं, देवा, माझ्याच्यानं होत नाही, तू बघ. अहरोन म्हणाला, "आम्ही गुडघे टेकत नाही. वर्षातून एकदाच, दरफाळणीच्या सणाला, दार बंद करून उपास करतो तेव्हा."

"मग हुबा ऱ्हा आन् हुब्यानं सांग! देवाला काय फरक पडतोय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये चढायच्या आधीच त्याचा फोन. डोळ्यांवर हात ठेवून उभ्यानेच त्यांची शेमा म्हटली होती, देव एकच आहे अशी ती प्रार्थना. "लहानपणापासून तोंडपाठ आहे रे, पण आज मी ती कुणाला तरी म्हणत होतो!" एवढ्या मोठ्याने ओरडत होता की मी फोन कानापासून लांब धरला.

नवव्या पायरीला तर तो पार्किंगमध्ये नाचायचाच बाकी राहिला. ज्यांचं वाईट केलं त्यांच्याकडे जाऊन भरपाई करायची, ही ती पायरी. "अरे, हे आमच्यातलंच आहे! माणसाचा गुन्हा केलास तर देव परस्पर माफ करत नाही, आधी त्या माणसाच्या दारात जा, असं बाबा सांगायचे. दर वर्षी ऐकलं आणि दर वर्षी उपास सोडला की प्यायलो." मग तो दारोदार फिरला. त्याला स्टेजवरून उतरवणाऱ्या, आता रिटायर झालेल्या बाईंकडेही गेला. शेवटचं दार घरातलंच होतं.

याएल चोवीस वर्षांची, तळवड्याला आयटीत नोकरी, एरनशी लग्न ठरलेलं. तिने बापाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, माफ केलं. पण लग्नाआधीच्या शब्बाथला एरनच्या घरचे येणार आहेत. किद्दुश समुकाका करेल."

शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागतो. घरचा कर्ता प्याला उचलून आशीर्वाद म्हणतो, स्वतः पितो आणि मग प्याला सगळ्यांच्या हातात फिरतो. त्याला किद्दुश म्हणतात. पंधरा वर्षं या घरात तो प्याला धाकट्या भावाने, समुएलने, उचलला होता, कारण मोठा शुद्धीवर नसायचा.

अहरोन एवढंच म्हणाला, "प्याल्यात दारू नको, मनुकांचं सरबत. तुझी आजी करायची तसं मी करतो. एकदा मला धरू दे."

मग म्हणाली, "एकदाच."

त्या एका शब्दावर हा गडी दोन आठवडे हवेत होता. मला आमंत्रण होतं. शुक्रवारी पावणेपाचला मी पोचलो, तर स्वयंपाकघरातून त्याची बायको, रिव्कावहिनी, ओरडत होत्या आणि हा स्टीलचा डबा कवटाळून उभा. "मालोजी, सरबत बघ, काय रंग आलाय!" झाकण ओढलं तर फट् करून उडालं. वर फेस. आणि वास!

तो वास आम्हा दोघांइतका ओळखणारा नाक्या-नाक्यावर शोधून सापडायचा नाही.

"कधी भिजवलंस?"

"सोमवारी. मुरावं म्हणून. थोडी साखर पण घातली."

त्याची आई आदल्या रात्री भिजवायची. या शहाण्याने अति उत्साहात चार दिवस आधी भिजवून, साखर घालून, घट्ट झाकण लावून, गॅसशेजारी उबेला ठेवलं होतं. घरच्या घरी दारू गाळली होती पठ्ठ्याने! आणि मी बघत होतो, त्याचं नाक डब्यावरून हलेना. एक क्षण, दोन क्षण. मला भयंकर भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मी डबा हिसकावला आणि मोरीत ओतला.

तो खालीच बसला. "समुलाच धरू दे प्याला. मी एवढं पण नीट करू शकत नाही."

"उठ! कंदी मावळतंय?"

"रिव्का पावणेसहाला दिवे लावणार. त्यानंतर गॅस पेटवायचा नाही."

"तंवर लई येळ हाय. मनुका कुठं मिळत्यात?"

कोपऱ्यावरच्या दुकानात पिवळे बेदाणे होते, पण काळ्याच हव्यात म्हणून हा हटून बसला. मी गाडीला किक मारली आणि पिंपरी कॅम्प गाठला. नाशिक फाट्याला शुक्रवारची गर्दी, सगळ्या कंपन्यांच्या बसेस एकदमच सुटलेल्या. मी शिव्या घातल्या, खाल्ल्या, फुटपाथवरून गाडी काढली. पाच वीसला अर्धा किलो काळ्या मनुका घेऊन दारात. पाणी आधीच उकळत होतं. मनुका टाकल्या, फुगल्या तशा पावभाजीच्या मॅशरने चेचल्या, वहिनींच्या नव्याकोऱ्या ओढणीतून पिळल्या. ओढणी गेली. वहिनींनी माझ्या आईचा उद्धार केला. परातीत थंड पाणी घेऊन पातेलं त्यात बसवलं आणि गॅस बंद केला तेव्हा पाच चव्वेचाळीस झाले होते. आम्ही दोघं घामाने निथळत एकमेकांकडे बघून येड्यासारखे हसत सुटलो. आयुष्यात एवढा आनंद मला बाटलीने कधी दिला नव्हता.

पाहुणे आले. वहिनींनी दिवे लावले. एरनचे मामा इस्रायलहून आलेले, त्यांनी पिशवीतून देखणी बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे खरं कोशर वाइन, आपल्या धर्माला चालणारं. अहरोनभाई, आज यावरच किद्दुश होऊ दे. पोरीच्या लग्नाचा शब्बाथ, सरबत काय पाजता?"

समुएलने पटकन हात पुढे केला. भावाला वाचवायलाच केला होता, पण अहरोनने त्याचं मनगट धरलं आणि बाजूला केलं. तो उभा राहिला. मीटिंगमध्ये राहतो तसाच.

"मामा, मला दारू चालत नाही. मी मद्यपी आहे. देवाच्या कृपेने चौदा महिने घेतलेली नाही. याच्यावर किद्दुश म्हटला तर मला हे प्यावं लागेल आणि मी परत थांबेन की नाही ते मला माहीत नाही."

व्याह्यांसमोर! याएलने मान खाली घातली होती. शेवटी एरनची म्हातारी आजी मामांना म्हणाली, "उचल रे ती बाटली. आमच्या रोह्याच्या घरात सगळा जन्म मनुकांच्या पाण्यावरच शब्बाथ केला, देवानं कधी नाक मुरडलं नाही."

अहरोनने प्याला भरला. काठोकाठ. थोडं सरबत टेबलावरच्या चादरीवर सांडलं, पण आवाज थरथरला नाही. मला हिब्रूतलं एक अक्षर कळत नाही, तरी मी सबंध वेळ ताठ उभा होतो. तो प्यायला, वहिनींना दिला, वहिनींनी याएलकडे दिला.

तिने प्याला ओठांकडे नेला आणि मध्येच थांबली. नंतर तिने मला सांगितलं, आठ वर्षांची असल्यापासून बापाच्या हातातून आलेला प्रत्येक पेला, पाण्याचासुद्धा, ती आधी हुंगून बघायची. नाकपुड्या हलायला लागलेल्या मी पाहिल्या. मग तिने समोर बापाकडे पाहिलं, श्वास रोखून धरला आणि न हुंगता प्याला रिकामा केला.