मामांचा उजवा डोळा

डोळे तपासायला जाताना माणूस उगाच घाबरतो. सुई नाही, चिरफाड नाही. अंधाऱ्या खोलीत बसायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायची. यंत्रात हनुवटी टेकवली की डोळ्यावर फुस्सकन वारा येतो. मग थेंब घालतात, अर्धा तास डोळे मिटून बसवतात आणि डॉक्टर आत डोकावतो. थेंबांनी बाहुल्या मोठ्या होतात, दोन-चार तास जवळचं वाचता येत नाही, म्हणून सोबत माणूस लागतो. त्या दिवशी मामांच्या सोबत मी होतो. ते काम मी मागून घेतलं होतं.

अंबडच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे बारीक सुटे भाग बनायचे. मामा ते तपासायचे. माझे सख्खे नव्हेत, सगळा कारखानाच त्यांना मामा म्हणायचा. चांदवडकडचा माणूस, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. खिडकीजवळचं टेबल, डोक्यावर पंखा, कायम पहिली पाळी. ते टेबल मला हवं होतं.

काम मला त्यांनीच शिकवलं. तुकड्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि म्हणायचे, "डोळा फसतो रे, नख नाय फसत." तरुणपणी लोखंडाचा कण उडून त्यांचा उजवा डोळा अधू झाला होता. पण त्यांच्या नखाखालून खराब तुकडा सुटलेला मी कधी पाहिला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो, की ब्रेकचं काम आहे, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. शुद्ध थाप होती ती.

तपासणीवाल्यांना वर्षातून एकदा डोळे दाखवावे लागत. नापास झाला तो लोडिंगला. मामांचे दोन्ही गुडघे गेलेले. लोडिंगला त्यांनी महिनाही काढला नसता, नोकरीच सोडावी लागली असती. पण दर वर्षी ते पास व्हायचे. डावा डोळा तळहाताने झाकायचे आणि बोटं किंचित फाकवायचे. फटीतून चांगल्या डोळ्याने सगळी पाटी घडाघडा वाचायचे. ही युक्ती त्यांनी एकदा चहाच्या सुट्टीत मला हसत हसत करून दाखवली होती.

"डावा डोळा झाका," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. मामांनी हात वर नेला. मी उठलो. टेबलावर दांडीचं काळं झाकण पडलं होतं, ते उचलून बाईंच्या हातात दिलं.

"मॅडम, हे वापरा ना. मामांचे हात कायम तेलाचे. डोळ्याला काही व्हायला नको."

बाईंना पटलं. त्यांनी स्वतःच्या हाताने ते झाकण मामांच्या डाव्या डोळ्यावर धरलं.

सगळ्यात वरचं मोठं अक्षर मामांनी वाचलं. दुसऱ्या ओळीला थांबले.

"लाइट कमी केली का, मॅडम?"

"नाही काका. वाचा तुम्ही."

"प... नाय नाय. म हाय का?"

एका ओळीपायी तो म्हातारा एसीत घामाघूम झाला. मला दया आली नाही. उलट रागच आला, की येत नाही तर 'येत नाही' म्हणावं आणि उठावं, उगाच ताणायचं कशाला!

थेंब घातल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो. डोळे मिटून मामांनी माझा हात धरला.

"तू काळजीनं बोललास, तुझी काय चूक नाय. घोळ झाला खरा. बघू, डॉक्टरला हात जोडतो. रजा टाकून आलास माझ्यापायी, लय केलंस."

मला त्या हाताची शिसारी आली. फोन आल्याचं निमित्त करून मी माझा हात सोडवला.

डॉक्टरांनी आत पाहिलं, मामांचे जोडलेले हातही पाहिले, आणि लिहायचं ते लिहिलं. बाईंनी कागद माझ्याकडे दिला. "यांना वाचून दाखवा आणि सही घ्या."

'तपासणीच्या कामास अयोग्य,' असं वर लिहिलं होतं. खाली 'निकाल मान्य आहे' आणि सहीची रेघ. सही न करता कागद परत दिला की दुसऱ्या डॉक्टरकडे फेरतपासणी व्हायची. युनियनने भांडून मिळवलेली सोय होती ती, आणि तिथे तपासणाऱ्याच्या हातात झाकण द्यायला मी नसतो.

मामांनी कागद नाकाशी नेला, मग हात लांब करून धरला. काहीच दिसेना.

"काय लिवलंय रे?"

"काही नाही मामा. दर वर्षीचंच."

"म्हंजे झालो का पास?" त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"सही करा, निघू. ऊन वाढतंय."

त्यांचं बोट धरून मी रेघेवर टेकवलं, दुसऱ्या हातात पेन दिलं. जीभ दातांत धरून त्यांनी एकेक अक्षर सावकाश काढलं.

"रेघेवर आली का?"

"अगदी रेघेवर आली, मामा," मी म्हणालो.