दोन नंबरच्या पट्ट्याची खरी क्रमवारी

फ्रीस्टाइल कुस्तीतल्या एक नंबरच्या विजेत्यांबद्दल कुणीही बोलतो. न्हाव्याच्या दुकानात, कचेरीच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत. त्यांचे फोटो कॅलेंडरवर येतात. पण दोन नंबरच्या पट्ट्याचं काय? तो कमरेला बांधून ज्यांनी अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर हाडं खिळखिळी करून घेतली, त्यांची क्रमवारी आजवर कुणी लावली आहे का? नाही लावली. मी लावतो. ज्याला पटणार नाही त्याने स्वतःचं पत्रक काढावं.

खरं तर नागपूरकराला हे समजावून सांगायची वेळ येऊ नये. एके काळी आपण राजधानी होतो, मग आपल्याला उपराजधानी केलं. हिवाळ्यात मंत्री येतात, संत्री खातात, त्याला अधिवेशन म्हणतात आणि जातात. अशा गावात राहून जो माणूस दोन नंबरच्या पट्ट्याला हसतो, त्याने आरशात बघावं.

आमच्या तरुणपणी दर हिवाळ्यात कुस्तीची एक कंपनी यायची. मैदानात दोरखंडांचं रिंगण, भोवती खुर्च्या, मागे बांबूचे माचे. कंपनीचे पट्टे दोन. मोठा पट्टा मालकाच्या मेहुण्याकडे असे, त्याबद्दल मी अधिक बोलत नाही. दुसरा ‘मध्य प्रांत पट्टा’. प्रांत कधीचाच मोडला होता, पण पितळी बिल्ल्यावर अक्षरं कोरलेली होती आणि नवा बिल्ला करायला मालक तयार नव्हता.

या कुस्त्या नुरा असतात, म्हणजे कोण पडणार ते आधी ठरलेलं असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. आम्ही विवेकवादी पोरं होतो. आमचं म्हणणं एवढंच होतं की ठरवायचंच आहे तर न्यायाने ठरवा.

तर क्रमवारी. तिसऱ्या स्थानावर बसऱ्याहून आलेला अरब. हा आमच्या शेजारच्या कामठीचा होता. रिंगणात शिरला की दोन्ही हात वर करून अरबीत गर्जना करायचा. आमच्यातला एक जण रेल्वेत होता. त्याने पहिल्या रांगेत बसून कान देऊन ऐकलं, तर तो कन्हानपासून पुढची स्टेशनं उलट्या क्रमाने म्हणत होता. एकदा प्रतिस्पर्ध्याच्या हातात त्याची अख्खी दाढी आली. त्याने ती शांतपणे परत घेतली, खोचली आणि कुस्ती जिंकली. असं धैर्य मोठ्या पट्ट्यावाल्यांनी दाखवलेलं मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या स्थानावर काळा मुखवटा. याची कारकीर्द लांब, पण तिच्यात वाद आहे. मुखवट्याखाली माणूस बदलायचा. शनिवारी तो मला खांद्यापर्यंत लागे आणि रविवारी मी त्याला. तेव्हा ही एक कारकीर्द धरायची की तीन, यावर आमच्या मंडळात दोन बैठका झाल्या. शेवटी अध्यक्षांनी निकाल दिला की पट्टा मुखवट्याचा आहे, माणसाचा नव्हे. मी विरोधात मत दिलं होतं. आजही विरोधातच आहे.

मंडळाबद्दल सांगायला हवं. विहाराच्या बाजूच्या खोलीत आमचं मंडळ भरत असे. एक सतरंजी, एक टेबल आणि छापील घटना. नळासाठी, दिव्यासाठी, रेशनच्या तांदळातल्या खड्यांसाठी आम्ही पत्रकं काढायचो. मजकूर माझा. अध्यक्ष आमच्या गल्लीतले शिंपीकाका. त्यांना कापडापेक्षा घटनेतली कलमं जास्त पाठ होती. सूचक, अनुमोदक, उपसूचना, मतदान, यांच्याशिवाय आमच्यात चहासुद्धा मागवला जात नसे. काकांचं म्हणणं होतं, आपल्या मायबापांनी एका मैदानावर बसून जुने देव सोडले, ते काय धक्काबुक्की करून? शिस्तीने.

आणि पहिल्या स्थानावर आमच्याच गल्लीतला गडी. याबद्दल मी चर्चा ऐकून घेणार नाही.

हा माणूस दारातून आडवा होऊन शिरायचा. कंपनीला एका हिवाळ्यात जाड माणूस कमी पडला म्हणून त्याला घेतलं, आणि मुखवट्याच्या आतला माणूस पगारावरून भांडून निघून गेला म्हणून पट्टा याच्या कमरेला आला. त्याचा डाव एकच. समोरच्याला खाली पाडायचं आणि त्याच्यावर मांडी घालून बसायचं. बसल्यावर हळूच विचारायचा, “लागलं का गा?” पहिल्या तीन रांगांना हे ऐकू जाई. थंडी वाजते म्हणून तो बायकोने विणलेला बिनबाह्यांचा निळा स्वेटर घालून लढायचा आणि पट्टा स्वेटरवर बांधायचा. बिल्ला चिंचेने घासून चकचकीत ठेवलेला. असा विजेता मोठ्या पट्ट्याला मिळाला असता तर त्याचा पुतळा झाला असता.

तर एका सकाळी आम्ही पोहे खात उभे होतो. बाजूच्या वाड्यात कंपनीचा पेंटर पुढच्या गावासाठी फलक रंगवत होता. विजेत्याचं चित्र, कमरेला मध्य प्रांत पट्टा. पोट आमच्या गड्याचं, निळा स्वेटरही त्याचाच. डोकं मात्र पुसून तिथे एक चिकणा, मिशीवाला चेहरा चढवला होता.

अध्यक्षांनी विचारलं, हे काय. पेंटर म्हणाला, रविवारी पट्टा याच्याकडे जाऊन राहिला. नवा गडी आहे, इंदूरकडचा. पोट बदलायला टाइम नाही, रायपूरवाल्यांना काय कळते.

आपली राजधानी गेली, प्रांत गेला, आता पट्टा? आणि तोही इंदूरला? त्याच संध्याकाळी तातडीची सभा झाली. ठराव मी मांडला: मध्य प्रांत पट्टा नागपूरच्या कमरेवरून हलता कामा नये. एकमताने मंजूर. दुसऱ्या दिवशी पत्रक. मथळा होता ‘पट्टा आमच्या घामाचा, नाही कुणाच्या बापाचा!’ खाली वरची क्रमवारी, मुद्द्यांसह. शेवटी इशारा की रविवारी अन्याय झाल्यास खुर्च्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मंडळ घेणार नाही.

पत्रक इतवारीच्या बाजारापर्यंत पोचलं. गिरण्यांच्या फाटकांवर वाचलं गेलं. मालकाने आम्हाला बोलावून चहा पाजला. खुर्च्या भाड्याच्या होत्या. तो म्हणाला, “तुम्हारा आदमी नहीं गिरेगा. बस?” इंदूरचा पडेल, पंचालाही सांगून ठेवतो. आम्ही त्याच्याशी हात मिळवला आणि घोषणा देत परत आलो. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं आंदोलन, जे संपूर्ण यशस्वी झालं. नळ अजून आलेला नाही.

शनिवारी गडी स्वतः माझ्या घरी आला. आडवा होऊन शिरला. बायको सोबत होती. मला वाटलं, आभार मानायला आले. मी उठून बाज रिकामी केली, पण तो बसला नाही. बाजेची काळजी असावी.

“भाऊ,” तो म्हणाला, “मले पडू द्या.”

मी म्हटलं, दादा, घाबरू नका, मंडळ तुमच्या पाठीशी आहे.

“तेच तर सांगून राहिलो. माझी पाठ मले जमिनीले टेकवाची आहे.”

मग बायकोने सगळं सांगितलं, कारण त्याला सांगायला उशीर लागत होता. त्याला गिरणीत बदली कामगाराचं कार्ड मिळालं होतं. बदली कामगार म्हणजे जो रोज सकाळी फाटकावर उभा राहतो, आणि कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत घेतला जातो. रोज उभा राहिला तर कधीतरी कायम होतो. दांड्या मारल्या तर कार्ड कापतात. कंपनी सोमवारी रायपूरला निघणार होती, आणि ज्याच्याकडे पट्टा त्याला सोबत जावंच लागे. पट्टा हरलेल्याला मात्र घरी जायची मोकळीक. त्यानेच मालकाच्या मागे लागून, विनवण्या करून रविवारचं पडणं मिळवलं होतं, आणि आता मालक पत्रकाला भिऊन त्याचं ऐकत नव्हता.

“चार वर्षं लोकायच्या अंगावर बसून पोट भरलं यानं,” ती म्हणाली. “आता माणूस घरी राहीन म्हटलं, तर तुमी पत्रक काढलं. काहून काढलं, भाऊ? इचारलं होतं का कोनाले?”

मी म्हटलं की प्रश्न व्यक्तीचा नाही, तत्त्वाचा आहे. ते पडले तर तत्त्व पडेल.

“तत्त्वाले पडू द्या ना मंग,” ती म्हणाली. “त्याले कुठी फाटकावर उभं राहाचं आहे?”

मी हा मुद्दा अध्यक्षांपुढे ठेवायचं ठरवलं. आम्ही तिघं शिंपीकाकांकडे गेलो. काकांनी ऐकून घेतलं, टेप गळ्यातून काढली आणि घटना उघडली. एकमताने झालेला ठराव फक्त सर्वसाधारण सभाच मागे घेऊ शकते, आणि तिची सूचना सात दिवस आधी हवी. गडी म्हणाला, उद्याच तर कुस्ती आहे जी. काका म्हणाले, त्याला इलाज नाही. मग मी मालकालाच जाऊन सांगतो म्हटलं, तर काका कडाडले: मंडळाच्या ठरावाविरुद्ध मंडळाचा सभासद परस्पर बोलतो म्हणजे काय? आणि त्यांचं बरोबर होतं. घटना सोयीप्रमाणे वाकवायची असेल तर ती छापायची कशाला?

रविवारी मैदान तुडुंब. निम्मी गर्दी माझ्या पत्रकाची होती. घंटा झाली. आमचा गडी इंदूरवाल्यासमोर गेला, त्याच्या बोटाला बोट लावलं आणि धाडकन उताणा पडला.

इंदूरचा गांगरला. त्याला पडायची आज्ञा होती. तो विचार करून गड्याच्या बाजूला जाऊन आडवा झाला आणि त्याला ओढून स्वतःच्या अंगावर घेऊ लागला. गडी काही हलेना. तो इंदूरच्याला उचलून आपल्या छातीवर ठेवी. इंदूरचा घरंगळत खाली जाऊन परत पाठ टेकी. दोन पहिलवान खाली राहण्यासाठी जिवाच्या आकांताने झुंजताहेत असं दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझ्या मागचा म्हातारा मुलाला सांगत होता, ही जपानी पद्धत आहे.

शेवटी वजन कामी आलं. गड्याने इंदूरच्याला दोन्ही हातांनी आपल्या पोटावर दाबून धरलं आणि स्वतःचे खांदे जमिनीला घट्ट टेकवले. पंच गुडघ्यावर बसला. “एक.” माचे गुरगुरले. “दोन.” लोकांनी खुर्च्या उचलल्या. पंचाने मालकाकडे पाहिलं, आणि त्याच्या बुटाची नाडी अचानक सुटली. ती बांधून झाल्यावर पुन्हा “एक” पासून. पुन्हा “दोन”. पुन्हा नाडी.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने ती उभी राहिली. “तीन म्हन ना गा!” ती पंचाला म्हणाली. “का तीन येत नाही तुले? मानसाले सकाळी उठाचं आहे!”

लोक तिच्याकडे बघायला लागले. विजेत्याची बायको आहे हे गल्लीला माहीत होतं. मी आजूबाजूला पाहिलं. रेल्वेवाला, पोहेवाला, विहारातली सगळी पोरं. मंडळाचा एकही सभासद घरी नव्हता. मी खुर्चीवर चढलो.

“अध्यक्ष महाराज,” मी ओरडलो, “गणसंख्या पूर्ण आहे!”

शिंपीकाका दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून सावकाश माणसं मोजली. रिंगणात गडी अजून इंदूरच्याला धरून होता. इंदूरचा म्हणत होता, छोड ना भाई, साँस नहीं आ रही. काका उभे राहिले. सर्व सभासद हजर असल्यास सर्वसाधारण सभेला सूचनेची गरज नाही, असं ते कलम क्रमांकासह म्हणाले. मी ठराव मांडला: मागचा ठराव रद्द, पंचाने मोजणी पूर्ण करावी. रेल्वेवाल्याने अनुमोदन दिलं. काकांनी हात वर करायला सांगितलं. आमचे हात वर झाले, ते पाहून इतवारीवाल्यांचेही झाले, मग माच्यांवरचे. त्यांना कशासाठी ते ठाऊक नव्हतं. विरोधात दोन. त्यातला एक मुखवट्याचा जुना समर्थक होता, त्याला मी ओळखून आहे.

इतके हात एकदम वर गेलेले पाहून मालकाला वाटलं की आता खुर्च्या येणार. त्याने पंचाला जोरजोराने होकाराची मान हलवून दाखवली.

“तीन,” पंच म्हणाला.

लोकशाही मार्गाने पट्टा सोडलेला दुसरा विजेता मला कुणी दाखवावा. एक नंबरमध्येसुद्धा नाही. म्हणून त्याची कारकीर्द पहिली, आणि मुखवटेवाल्यांनी गप्प बसावं.

सोमवारी सकाळी मी फाटकावर गेलो. बदलीवाल्यांच्या रांगेत तो सगळ्यांच्या वर दिसत होता. पुढचे मागचे चिडवत होते: काय गा पहिलवान, काल भरसभेत चीत? तो म्हणत होता, “हो ना गा. पुरा चीत झालो.” असा खूश माणूस मी त्या रांगेत दुसरा पाहिला नाही.

जॉबर आला. माणसं तोच निवडायचा. रांगेवरून नजर फिरवत तो गड्यापाशी थांबला.

“तूच का काल पडलेला?”

“हो जी.”

“पाठ दुखून राहिली का?”

“नाही जी. बिलकुल नाही.”

“मग चाल आत. सूतखात्यात एक जण नाही आला.”

फाटकातला दिंडीदरवाजा अरुंद होता. तो आडवा झाला आणि आत शिरला.