कबऱ्या जोडीची पांढरी पिल्लं

टिटवाळ्याच्या एका ससेवाल्याकडे मी अर्धा दिवस घासाघीस केली होती. घासाघीस मला येते. कोपर स्टेशनबाहेर चादर पसरून क्लिपा आणि रबरबँड विकत मी सुरुवात केली. आज पक्ष्यांचं आणि माशांचं स्वतःचं दुकान आहे, आणि ते कुणाच्या मेहेरबानीने झालेलं नाही. समोरचा माल गळ्यात मारायला बघतोय, हे मला त्याच्या आवाजावरून कळतं.

दुकानात सशांना मागणी होती, पण बाहेरून आणलेली पिल्लं आठवड्याभरात माना टाकायची आणि गिऱ्हाईक दारात येऊन तमाशा करायचं. म्हणून घरच्या गॅलरीत मी स्वतःच पैदास करायची ठरवली. आमच्याकडे लोक ससा एकटा नेत नाहीत, जोडीच मागतात, आणि जोडी म्हणजे दोघे एकसारखे दिसायला हवेत. एक काळा आणि एक कबरा पुढे ठेवला, तर लोक असं बघतात की जणू मी दोन वेगळ्या चपला दिल्या.

टिटवाळ्याला मी मादी निवडली ती पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली, कबरी. नरही तसाच हवा होता. तो माणूस मात्र सारखा एक काळाभोर नर पुढे करत होता. कबरीला कबरा लावू नका, पिल्लं नाजूक निघतात, असं त्याचं म्हणणं. मी हसले. काळे ससे खपत नाहीत, त्याच्याकडे पिंजरा भरून पडलेले. न खपणाऱ्या मालासाठी प्रत्येक विकणाऱ्याकडे एक गोष्ट तयार असते. मीही शंभर वेळा सांगितली आहे.

"उरलेला माल मला नको, दादा," मी म्हटलं. "कबरा देतोस की निघू?"

आणि पर्स उचलून उभी राहिले. त्याने कबरा दिला.

पहिल्या वेताला पिल्लं छान निघाली. बरीचशी कबरी, एखादं काळं आणि एक जवळजवळ पांढरंशुभ्र. कान काळे, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी कडा, आणि नाकाखाली कोळशाने अर्धी मिशी काढावी तसा एक डाग. गिऱ्हाईक पहिलं बोट त्याच्यावरच ठेवायचं. मी मुद्दाम न परवडणारा भाव सांगायचे. ते मला विकायचं नव्हतं.

माझा आवाज मोठा आहे. फोनवर होलसेलवाल्याशी बोलायला लागले की घरातली माणसं उठून आत जातात. तो पांढरा मात्र तेव्हाच पायाशी येऊन बसायचा. मी भाजी चिरत कुणाला तरी झापत असायचे आणि तो माझ्या पावलावर हनुवटी टेकून डोळे मिटायचा.

तो वाढीला लागला तसं त्याचं पोट बिघडलं. लेंड्या मोठ्या, वेड्यावाकड्या, चिकट पडायला लागल्या. खाणं सुटलं. पोट फुगून टणक व्हायचं आणि तो कोपऱ्यात पाठ वर काढून दात खात बसायचा. मी आधी घासवाल्याशी भांडले, कुजका घास देतोस म्हणून. दुसरा घासवाला धरला. फरक पडला नाही, तेव्हा डोंबिवलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेला.

बाईंनी त्याचं पोट चाचपलं आणि आईबापांचा रंग विचारला. मी उखडले. दुखणं पोटाचं आहे, रंगाचं काय करायचंय? बाई शांत होत्या. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. ठिपक्यांचा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आला तर पिल्लू कबरं होतं आणि धडधाकट राहतं. दोघांकडून आला तर पिल्लू असं पांढरं होतं, थोड्याच डागांचं, आणि त्यातल्या पुष्कळांचं आतडं जन्मापासून नीट चालत नाही. आई-बाप दोघे कबरे असतील, तर साधारण चारातलं एक असं निघणार. एक जण सरळ काळा असता, तर एकही निघालं नसतं.

"बरा होईल का?"

"सांभाळता येईल," बाई म्हणाल्या. "बरा नाही होणार."

दुसऱ्या दिवशी मी टिटवाळ्याला गेले आणि त्याच्या अंगणात उभी राहून वाट्टेल ते बोलले. तो पिंजऱ्यांत घास टाकत राहिला. मी दमले तेव्हा म्हणाला, "मी बोललेलो ताई तुम्हाला. तुम्ही पर्स घेऊन उभ्या राहिलेल्या."

"विकताना बोललास. विकताना बोललेलं कुणी खरं धरतं का?"

त्याने पुढचा पिंजरा उघडला. माझं आजही तेच म्हणणं आहे. त्याला माहीत होतं, तर त्याने ती जोडी द्यायलाच नको होती. मला हाकलून द्यायचं. शिव्या घालायच्या. त्याने पैसे घेतले आणि मला जिंकू दिलं.

निघताना त्याने नर बदलून द्यायची तयारी दाखवली. आता काय उपयोग होता? घरी पुन्हा गाभण राहिलेली मादी छातीचे केस उपटून घरटं करायला बसली होती.

पांढऱ्याने एका दुपारी स्वयंपाकघरात जीव सोडला. मी त्याचं पोट चोळत होते, सिरिंजने औषध पाजत होते. माझ्या हातावर पडून त्याने दात खाल्ले आणि मग तो आवाजही थांबला.

मादी व्यायली ती त्याच आठवड्यात. सशाची पिल्लं उघडी जन्मतात, पण ज्यांना पुढे काळे केस येणार, त्यांच्या कातडीवर शाई सांडल्यासारखे डाग आधीच दिसतात. मी एकेक पिल्लू उचलून उलटं-सुलटं करून पाहिलं. दोन पिल्लं गुलाबीच होती, फक्त कानांच्या कडा गडद.

नर मी वेगळ्या पिंजऱ्यात टाकला आहे. तो दिवसभर जाळी चावतो. सगळ्याच पांढऱ्यांना त्रास होतो असं नाही, बाई म्हणाल्या होत्या. ती दोघं बाकीच्यांइतक्याच जोराने दुधावर तुटून पडतात. मी रोज सकाळी त्यांना केसांखालून काढते, पोटावर बोट दाबून बघते आणि परत झाकून ठेवते.