सभेला दार असतं

ताटावर दोन बोटं वाजवून ते म्हणायचे, "सभेला दार असतं, तुरुंग नसतो." आम्ही लगेच डोळे मिटून घ्यायचो, कारण आता कायदा सुरू होणार हे ठरलेलं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. रत्नागिरीत दोन वर्षं वकिली शिकून हे गृहस्थ सौदीतल्या बुरैद्याच्या कॅम्पात वायरमन झाले होते. आम्ही त्यांना वकीलसाहेब म्हणायचो. थोडं चेष्टेनं, थोडं मनापासून. बल्ब बदलायला स्टुलावर चढले तरी खालच्याला कलमं ऐकवायचे.

आमच्या मेसची सभा दर शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर भरायची. मी सेक्रेटरी. एका शुक्रवारी गुहागरच्या गवंड्यानं वांग्याच्या भाजीवरून अख्ख्या सभेला "गाढवांचा बाजार" म्हटलं. सभा भडकली. ठराव झाला: पंधरा दिवस त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.

वकीलसाहेब उठले. "इंग्रजांच्या एका वसाहतीत विधानसभेनं असंच केलं. अपमान केला म्हणून एका माणसाला कोंडलं. लंडनच्या वरच्या कोर्टानं सांगितलं, गोंधळ घालणाऱ्याला खुशाल बाहेर काढा, सभा चालवा. पण शिक्षा करायचा हक्क कायद्यानं दिला असेल तरच."

"पार्लमेंट करतं की शिक्षा!" अध्यक्ष म्हणाले.

"त्यांचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क. आपण वांग्यावरून भांडणारी माणसं."

सगळे हसले, ठराव मात्र कायम राहिला. तेव्हा वकीलसाहेब सरळ गवंड्याशेजारी जाऊन बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "काय रे, पोटभर जेवलास ना?" झालं. हाही सभेचा अपमान! तीच शिक्षा त्यांना. मी ती वहीत लिहिली, चांगल्या वळणदार अक्षरात.

आमच्या खाटा समोरासमोर होत्या. रोज सकाळी ते विचारायचे, "सेक्रेटरी, बरं आहे ना?" आणि माझ्या वतीनं स्वतःच उत्तर द्यायचे, "बरं आहे, वकीलसाहेब." मला हसू यायचं, ते मी उशीत दाबायचो. पंधरा दिवस झाले की भरपूर बोलू, असं मनात धरून होतो.

अकराव्या दिवशी कंपनीनं त्यांना हाइल शहरातल्या कामावर पाठवलं. बसच्या पायरीवरून त्यांनी विचारलं, "सेक्रेटरी, चार दिवस राहिलेत. शिक्षा हाइलला लागू आहे का?" अध्यक्ष शेजारीच उभे होते. मी घड्याळात बघत राहिलो. ड्रायव्हर "यल्ला" ओरडला आणि बस गेली.

तेराव्या दिवशी फोन आला. छातीत कळ येऊन कामावरच गेले.

शुक्रवारी, शिक्षा संपायच्या दिवशी, सभेत दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं. अकरा दिवस आम्ही दुसरं काय केलं होतं? मला सहन होईना. मी मोठ्यानं म्हणालो, "लागू नाही, वकीलसाहेब." सगळ्या माना वळल्या. मी पुन्हा म्हणालो. अध्यक्षांनी दाराकडे बोट केलं. मी बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं गवंडी आला, दंडाला धरून मला आत घेऊन गेला. शिक्षेचं नाव कुणी काढलं नाही. हे बघायला ते हवे होते.

त्यांच्या खाटेवर आता एक नवा फिटर झोपतो. सकाळी जाग आली की अजून वाटतं, आता समोरून विचारतील. म्हणून मी आधीच म्हणून टाकतो, "बरं आहे, वकीलसाहेब."

फिटर समजूतदार आहे. तो काही बोलत नाही.