लॅबवाल्याची थाळी

आमचा निवांत चहा भिवंडीत, पाणी तपासणाऱ्या त्या लॅबवाल्याच्या पायरीवर व्हायचा. नाव मी कधी विचारलं नाही. हात दोनदा धुतल्याशिवाय तो कपाला शिवत नाही. घाई केली की एकच बोलणं, "बाबा, चोवीस तास थांबा."

माझी बायको जुलाबांनी गेली. गाव म्हणालं, वय झालेलं. मी गावच्या टाकीचं पाणी बाटलीत भरून त्याच्याकडे नेलं. जंतू वाढवायच्या लालसर थाळीवर ते पसरत तो म्हणाला, "हिच्यात बाकीचे जंतू दबतात, आतड्यातले वाढतात. दुधातली साखर खाणारे गुलाबी दिसतात. तसे ठिपके उमटले, तर पाण्यात मैला."

त्या दिवशीचा चहा संपायच्या आत, मी बाटली नेल्याचं कळून टाकीच्या ठेकेदाराचा माणूस आला. "ए लॅबवाल्या, रिपोर्ट साफ लिही."

"थाळी सांगेल तेच लिहिणार."

"थाळीला विचारतो कोण?"

"हे बाबा विचारतात. मी थाळीला विचारतो."

दुसऱ्या सकाळी थाळी गुलाबी ठिपक्यांनी भरली. ती घेऊन तो आमच्या गावात आला, ठेकेदारासमोर सही केलेला रिपोर्ट टाकीवर चिकटवला आणि नळ बंद केला. मग माझ्यापुढे हात धरले. मी उकळलेलं पाणी ओतलं. दोनदा.