नानांची संथा आणि माझी सनद

संस्कृत कसं शिकवावं याचं सरकारी शिक्षण मी घेतलेलं आहे आणि तशी सनद माझ्यापाशी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाचा विश्वास बसणार नाही.

निजामाच्या राज्यात, जालन्याच्या एका फोकानियात, म्हणजे हायस्कुलात, मी संस्कृतचा मास्तर होतो. बाकी सगळं शिक्षण उर्दूत, आणि कोपऱ्यातल्या खोलीत मी आणि माझी सोळा पोरं. एक दिवस हुकूम आला: संस्कृतच्या मास्तराने चार महिने शिकवण्याची तालीम घ्यावी आणि परत येऊन मोहतमीमसाहेबांसमोर, म्हणजे शाळा तपासणाऱ्या बड्या साहेबांसमोर, नमुन्याचा पाठ द्यावा. पास झाला तर नोकरी मुस्तकिल, कायमची. नापास झाला तर घरी. माझं घर घनसावंगीला. तिथे जाऊन काय करायचं, तर नानांच्या, माझ्या वडिलांच्या मागे पूजेची पिशवी धरून लग्नामुंजी करत हिंडायचं. (हे मी विसाव्या वर्षापर्यंत केलं होतं. नाना फार भराभर चालत.)

मी तालमीला गेल्यावर वर्ग कोण घेणार? हेडमास्तरांना मीच मोठ्या ऐटीत नानांचं नाव सुचवलं.

नानांनी जन्मभर वेदाची संथा दिलेली. तिची रीत ठरलेली असते. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्यांनी तेच, त्याच सुरात, तशीच मान हलवत दोनदा म्हणायचं. मध्ये विचारायचं नाही, थांबायचं नाही. नानांनी तपकिरीची चिमूट ओढली की संथा संपली. मीही याच घाण्यातून निघालेला. तालमीत मात्र अगदी उलटं शिकवलं. वस्तू दाखवा, संस्कृतात विचारा, मुलगा विचार करून संस्कृतात उत्तर देईल. मला ही पद्धत इतकी पटली की परतताना आगगाडीत शेजाऱ्याकडे पाणी मागतानासुद्धा मी आधी तांब्या दाखवला.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी जालन्याच्या बिऱ्हाडी पोचलो. नाना ओसरीवर बसले होते.

"नाना, पोरं तयार आहेत ना?"

"बिलकुल तयार. तू फक्त तोंड उघड. बाकी ते बराबर करतेत."

माझी बायको सुशीला चुलीशी होती. आमची खोली शाळेच्या भिंतीला लागूनच. ती म्हणाली, "अहो, सकाळी एकदा वर्गात डोकावून या. चार महिने झाले, पलीकडून मला समदं दोन-दोनदा ऐकू येऊन राह्यलंय."

"त्याला उजळणी म्हणतात," मी म्हणालो. "शास्त्र आहे ते. तुला न्हाई कळायचं."

 तिने पुढची भाकरी जरा जोरात थापली.

दुसऱ्या दिवशी मोहतमीमसाहेब आले. उंच, शेरवानी घातलेले, स्वभावाने शांत. शेवटच्या बाकावर वही उघडून बसले. नाना दाराबाहेर ओट्यावर. मी पिशवीतून मोसंबं काढलं, उंच धरलं आणि प्रसन्न चेहऱ्याने विचारलं, "एतत् किम्?" म्हणजे हे काय आहे?

सोळा माना एकदम हलल्या. "एतत् किम्, एतत् किम्."

पोरं उत्साहात आहेत, मी समजलो. उत्तर सुचवून पाहिलं, "एतत् फलम्."

"एतत् फलम्, एतत् फलम्."

साहेबांनी समाधानाने मान डोलावली. माझा धीर वाढला. आता पुस्तक दाखवलं, "एतत् किम्?" पुन्हा दोनदा तेच आलं. मी साहेबांकडे पाठ करून दबक्या आवाजात म्हणालो, "अरे, उत्तर द्या."

"अरे, उत्तर द्या. अरे, उत्तर द्या." तेही दबक्या आवाजात.

"गप्प बसा."

ते दोनदा. मला ठसका लागला. सोळा जण दोनदा ठसकले.

साहेब उठून पुढे आले. "मास्टरसाब, ये क्या चल रहा है?"

वर्गाने हेही दोनदा म्हटलं, आणि साहेबांनी शेवटी भुवई जशी वर नेली तशी सोळा जणांनी दोनदा नेली. साहेबांचा चेहरा लाल झाला. "खामोश!" खामोश दोनदा झालं. मला घनसावंगीची वाट आणि त्या वाटेवर भराभर चालणारे नाना स्पष्ट दिसू लागले.

खरे नाना तेवढ्यात आत आले.

"का रे, काय अडलं?" (हेही दोनदा.)

"नाना, तपकीर! जल्दी!"

नानांनी डबी काढली, सावकाश चिमूट घेतली, ओढली. वर्ग जागच्या जागी थांबला. साहेब नानांकडे बघतच राहिले. मग त्यांनी टेबलावरचं मोसंबं उचललं आणि पुढच्या पोराला विचारलं, "अब बोलो बेटा, ये क्या है?"

"एतत् फलम्," पोरगं म्हणालं. एकदाच. साहेबांनी पुस्तक उचललं. याचं उत्तर वर्गात अजून कुणी सांगितलं नव्हतं, तरी मागचा एक जण उठून म्हणाला, "एतत् पुस्तकम्."

"लडके तो तैयार हैं," साहेब म्हणाले. "आता तुमची बारी, मास्टरसाब. एकच सवाल. पोरगं घाबरून चुकलं, तर मास्तराने त्याला काय म्हणायचं?"

याचं उत्तर मला पानभर पाठ होतं. मी तोंड उघडलं आणि सगळं पान कोरं झालं.  मागून नानांना ते पाहवेना. लहानपणी मला ज्या सुरात संथा देत, त्याच सुरात त्यांनी धीर दिला, "भिऊ नको बाळा, सावकाश सांग."

आणि मी, चार महिने नवी पद्धत शिकून आलेला माणूस, हात जोडून, मान हलवत, खणखणीत आवाजात म्हणालो, "भिऊ नको बाळा, सावकाश सांग. भिऊ नको बाळा, सावकाश सांग."

साहेबांनी वही उघडली. तिच्यात काहीतरी लिहिलं, आणि लिहिता लिहिता म्हणाले, "जवाब बिलकुल बराबर. दोनदा सांगायची जरूर नव्हती."

महिन्याभराने सनद आली. सुशीलाने ती पुसून नानांच्या हातात दिली. नानांनी ती उलटसुलट पाहिली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "वाच."

मी वाचली. दोनदा.