गणिताच्या बाईंचा हिब्रूचा तास

आमच्या शाळेत गणित, विज्ञान, भूगोल सगळीकडे असतं तसंच आहे. शिवाय यहुदी समाजाची शाळा म्हणून प्रत्येक वर्गाला रोज एक तास हिब्रूचा. हिब्रूचे सर मुलाकडे परदेशी राहायला गेले, तेव्हा मुख्याध्यापिकांनी तिसरीचा तो तास गणिताच्या बाईंच्या वेळापत्रकात टाकला. बाई समाजातल्याच, सव्वीस वर्षं शाळेत, वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणवून घेणारे. त्यांना हिब्रू येत नसेल, अशी शंकाही कुणाला आली नाही.

त्यांना येत नव्हतं. वडिलांनी मुलग्यांना समोर बसवून वाचायला शिकवलं. ही आतून भाजी चिरता चिरता ऐकायची. त्यामुळे प्रार्थना सगळ्या तोंडपाठ, पण अक्षर एकही ओळखीचं नाही. लग्नानंतर सिनेगॉगमध्ये नणंदेशेजारी बसून त्या पुस्तक उघडत, ओठ हलवत आणि वेळेवर पान उलटत. पन्नाशी गाठली तरी हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

पहिला आठवडा त्यांनी मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेत कसाबसा रेटला. सोमवारी एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. दोन अक्षरं सारखीच दिसतात, त्यातलं कोणतं कोणतं, असं तिनं विचारलं. बाईंना तर दोन्ही एकच वाटली. उद्या सांगते म्हणून त्या फळा पुसायला वळल्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर त्या तडक नणंदेकडे गेल्या. बाजारामागच्या गल्लीत एका खोलीत ती शिवणकाम करायची. दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. नणंदेची जीभ धारदार, शिक्षण सातवीपर्यंत, पण प्रार्थनेचं पुस्तक ती खरोखर वाचायची. शिकलेली भावजय आपल्याला कमी लेखते, हे तिनं मनाशी पक्कं धरलेलं. बाईंनी स्टुलावर बसून एका दमात सगळं सांगून टाकलं. नणंदेनं हातातली शिवण पुरी केली, दोरा दातानं तोडला.

"मला माहीत आहे, वहिनी," ती म्हणाली. "एकदा मी मुद्दाम चार पानं एकदम उलटली होती. तुम्हीही उलटलीत."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, वन्सं?"

"बोलले असते तर तुम्ही यायचं बंद केलं असतंत."

मग तिनं काळ्या अस्तराच्या तुकड्यावर बेतायच्या खडूनं दोन अक्षरं काढली. एकाचा कोपरा काटकोनात, ते दालेत. दुसऱ्याचा खांदा गोल, ते रेश. जुनी माणसं अक्षरांनीच आकडे लिहायची, दालेत म्हणजे चार आणि रेश म्हणजे दोनशे, हेही तिनं सहज सांगितलं.

गणिताच्या बाई स्टुलावर ताठ बसल्या. "एवढ्याशा कोपऱ्यानं एकशे शहाण्णवचा फरक?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला दोन्ही अक्षरं समजावली आणि हे आपण कालच शिकलो, हेही सांगितलं. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. पालकांना वाटलं. आठवड्याभरात तक्रार आली आणि मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. बाईंनी सगळं कबूल केलं. रोज नणंदेकडे जाऊन शिकते, तीच खरी शिकवणारी, तिलाच बोलवा, असं त्यांनी सुचवलं. सातवी शिकलेल्या बाईला शिक्षिका म्हणून नेमता येत नाही, हे मुख्याध्यापिकांनी सांगितलं.

"तास माझ्या नावावर राहू दे," बाई म्हणाल्या. "मी वर्गात बसेन. शिकवतील त्या."

दोन दिवस विचार करून मुख्याध्यापिका तयार झाल्या.

पहिल्या दिवशी नणंदेनं फळ्यावर कापडावर आखावं इतक्या हलक्या हातानं लिहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, दिसत नाही. तिनं जोर दिला तर खडूच मोडला. वर्ग हसला, तीही हसली, आणि तास सुरू झाला.

याला आता तीन वर्षं झाली. बाई शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसतात. वाचायची पाळी आली की नणंद त्यांना सूट देत नाही. चुकलं की सगळ्यांसमोर पुन्हा वाचायला लावते. बाई अजून अडखळतातच. मधल्या सुट्टीत दोघी एका डब्यातलं खातात आणि मुलांच्या वह्या तपासतात.

पंचाईत झाली ती बाईंच्या नवऱ्याची. पूर्वी बायको आणि बहीण यांच्यातले निरोप त्यालाच पोचवावे लागत. आता त्याला कुणी काही विचारत नाही, आणि तो भेटेल त्याच्यापाशी तीच तक्रार करत असतो.